बटन टायर आणि वापसा

टायरच्या जाहिरातवाल्यांना चिखलाचं भारी वेड आहे. गाडी नवीकोरी, चालवणारा दाढी राखलेला, आभाळ निळंभोर आणि चाकांखालून दोन्ही अंगांनी उडणारा चिखल. खाली ठळक अक्षरांत हमी दिलेली असते, की हा टायर हमरस्त्यावरही चालतो आणि आडरानातही. निम्मा इकडचा, निम्मा तिकडचा. ज्यानं जुलै महिन्यात परभणी जिल्ह्यातलं एक तरी शिवार पाहिलंय, त्याला त्या चित्रात आधी निळं आभाळ खटकतं आणि मग चिखल. आपल्याकडं चिखल उडत नाही, बसतो. चपलेला बसतो, बैलाच्या खुराला बसतो, वखराच्या पासेला बसतो आणि एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की येलदरीसारख्या ठिकाणी ऑल-टेरेन टायर घ्यावा की नाही हे जो चिखलाकडं बघून ठरवतो, त्याचे पैसे वाया जातात. हा टायर घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यासाठी घ्यावा. पावसाळ्याचं काम त्याच्या आवाक्यातलं नाही, आणि खरं बोलायचं तर कुठल्याच टायरच्या आवाक्यातलं नाही.

हे येलदरीच्या जमिनीवरच तपासून बघावं, कारण एखाद्या कंपनीनं चाचणीसाठी मुद्दाम जागा शोधली असती तरी याहून सोयीची सापडली नसती. जिंतूरकडून आलं की पूर्णा नदीवरचं धरण लागतं. १९६८ साली पुरं झालेलं हे मातीचं धरण सव्वाचार किलोमीटर लांब आणि ५१ मीटर उंच आहे. पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर, पलीकडं हिंगोली जिल्ह्यातला सेनगाव तालुका, आणि इथून सुटलेलं पाणी अडवायला खाली सिद्धेश्वरचं दुसरं धरण. या टापूत डांबरी रस्ता आहे आणि डांबरी रस्ता होता अशा जागाही आहेत. चढावर मुरमाड माळ आणि सुटे दगड आहेत. सखलात काळी कसदार जमीन आहे. पाणी हटलं की धरणाच्या पोटातून वर येणारी गाळपेराची जमीन आहे, जिच्यावर वरून खपली धरलेली असते आणि हातभर खाली नुसता गाळ असतो. दुकानदार ज्याला सर्व प्रकारची जमीन म्हणतो, ती इथं एका सकाळच्या चकरेत बघून होते. त्यातल्या कुठल्या जमिनीवर टायरचं नाव सार्थ ठरतं, एवढाच प्रश्न.

मुळात या टायरचा जन्म चिखलातला नाही. बीएफ गुडरिच या अमेरिकी कंपनीनं १९७६ साली हलक्या ट्रकांसाठी रेडियल ऑल-टेरेन टायर आणला आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतींत त्याचं नाव झालं. बाहा म्हणजे वाळू, गोटे, धूळ आणि निवडुंग. तिथं टायरचं भांडण धारदार दगडाशी, फाटणाऱ्या बगलेशी आणि सुट्या खडीशी असतं. म्हणून त्याची नक्षी अशी केली, की तुटक ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद चरी, ठोकळ्यांवर बारीक काप, बगलेला जाड रबर आणि एखादा थर जास्तीचा. आपल्याकडं या सगळ्या कुळाला बटन टायर म्हणून मोकळं होतात. मग त्यात हमरस्त्याकडं झुकलेला सौम्य टायरही आला आणि ज्याचे ठोकळे बघून गाईगुरं बिचकावीत असा मड-टेरेनही आला. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण दुकानात दोघांची चौकशी एकाच वाक्यात होते, "बटन कितीला बसंल?"

चरी रुंद ठेवण्यामागचा हिशेब सरळ आहे. ठोकळा जमिनीत रुततो, माती चरीत शिरते, चाक फिरताना ती बाहेर फेकली जाते आणि चर पुन्हा मोकळी होते. सगळी मदार त्या फेकली जाण्यावर आहे. वाळू फेकली जाते, मुरूम फेकला जातो, लाल रेताड माती बऱ्यापैकी फेकली जाते. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेली आपली काळी माती मात्र माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजानं भरलेली आहे. या खनिजाच्या कणांत पातळ पापुद्रे असतात, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, चिकटते, ओढली तर ताणली जाते. अशा मातीत चाकाचे दोन-चार वळसे झाले, की चरी काठोकाठ भरतात आणि महागाची नक्षी असलेला टायर गुळगुळीत काळा गोळा होऊन बसतो. शेजारी गोटा झालेला जुना टायर असेल तर त्या क्षणी दोघांत फरक एवढाच, की एकाचे हप्ते चालू आहेत. पुढं माती मडगार्डाच्या पोकळीत दाबून बसते आणि चाक घासायला लागतं. इथं तर जाड टायरवाल्याचा तोटा जास्त, कारण टायर जेवढा मोठा तेवढी पोकळी कमी, आणि पोकळी कमी तेवढी ती लवकर भरते. गावाकडं पावसाळ्यात काही जण मोटारसायकलचं पुढचं मडगार्डच उतरवून ठेवतात. त्यांनी चिखलातल्या टायरांवरचं एकही व्याख्यान ऐकलेलं नसतं, तरी निष्कर्ष बरोबर काढलेला असतो.

या मातीचा हट्ट केवढा, हे धरण बांधणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणांचा सर्वसाधारण रिवाज असा, की बांधाच्या पोटात पाणी न सोडणारी चिकण काळी माती आणि तिच्या अंगावर मुरमाचं आवरण. चिकण माती पोटात ठासण्यासाठी जो रोलर फिरवतात त्याच्या पोलादी पिंपाला मेंढीच्या पायासारखे खुंट असतात. चिकण मातीत खुंट रोवून काम करणारं चाक हवंच असेल तर हे एकच, आणि तेही जागेवरच पुढं-मागं करत, टनावारी वजनानं, माती हवी तेवढीच ओली ठेवून. जी माती पन्नास-साठ वर्षं एवढं पाणी थोपवू शकते, तिला आपण चार टायरांच्या नक्षीनं बाजूला सारू, असं मानणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं कौतुक करावं. अंदाजाचं करू नये.

शेतकऱ्यानं हा प्रश्न टायर निघण्याच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलाय, आणि उत्तराला वापसा म्हणतात. पाऊस उघडतो, वरचं पाणी निथळतं, ऊन पडतं आणि एक दिवस माती मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही. त्या दिवशी रान कामाला येतं. तोवर औत घालायचं नाही, पेरायचं नाही, रानात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर जमीन दबते आणि हंगामभर भोगावं लागतं. बैलजोडी असो की पाच लाखांचा ट्रॅक्टर, वापशापुढं सगळे थांबतात. फक्त पंधरा-वीस लाखांची गाडी घेतलेला माणूस थांबत नाही, कारण गाडीनं त्याला सांगितलेलं असतं की आता थांबायची गरज नाही. मग दुपारी गावातलाच ट्रॅक्टर साखळ घेऊन निघतो. ट्रॅक्टरवाला काही बोलत नाही. मोबाइलवर चित्रण करणारी पोरं बोलतात.

गाळपेराच्या जमिनीची गोष्ट याहून फसवी. मार्च-एप्रिलमध्ये धरण उतरलं, की वर भेगाळलेली कोरडी खपली दिसते. ती माणसाला पेलते, शेळीला पेलते, आणि म्हणूनच गाडीलाही पेलेल असा ग्रह होतो. दोन टनांची गाडी खपलीवर चढली की खपली फुटते आणि खालचा गाळ गाडीचं स्वागत करतो. तिथं रुंद टायर, हवा उतरवलेला टायर थोडा तग धरतो, कारण वजन जास्त जागेवर पसरतं. इथं नक्षीपेक्षा रुंदी आणि हवा कामाला येते, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, कारण हवा फुकट मिळते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून राज्यातल्या तलावांच्या पोटात उन्हाळ्यात टिप्पर आणि ट्रॅक्टरांची वर्दळ असते. नीट पाहिलं तर ती मंडळी आधी मुरूम टाकून वाट करून घेतात आणि मग गाड्या घालतात. गाळाशी रोजचा संबंध असलेला माणूस गाळावर विश्वास ठेवत नाही.

मग हा टायर निरुपयोगी म्हणायचा का? मुळीच नाही, आणि माझ्या म्हणण्यातला महत्त्वाचा भाग इथूनच सुरू होतो. जानेवारी ते मे या काळात येलदरीच्या रानात गाडी घातली तर तिच्या वाटेला काय येतं ते बघा. तूर कापून नेल्यावर बोटाएवढी जाड, तिरप्या कापाची धसकटं जमिनीतून वर आलेली असतात. विळ्याचा काप तिरपा बसतो आणि त्याला टोक येतं. वाळलं की ते टोक खिळ्याला ऐकत नाही. पऱ्हाटीचे खुंट त्याच जातीचे. बांधावर बाभूळ असते, तिचे पांढरे काटे दोन-दोन इंचांचे आणि वाळल्यावर अधिकच कडक. कुंपणाला तोडून टाकलेल्या फांद्यांवरून गाडी जायला आणि काटा उभा असायला एकच गाठ पडते. माळावर मुरमातून डोकं काढलेले धारदार दगड असतात. काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा असतात आणि त्यांच्या कडा उन्हानं विटेसारख्या भाजलेल्या. हमरस्त्याचा पातळ, गुळगुळीत टायर यातल्या प्रत्येकासमोर उघडा पडतो. जाड रबराचा, खोल नक्षीचा, मजबूत बगलेचा टायर इथं कामाला येतो. मुरमाच्या चढावर त्याचे ठोकळे खडीला धरतात, माती चरीत अडकत नाही, काटा रबरात शिरला तरी आतपर्यंत पोचत नाही. हे सगळं बाहाच्या वाळवंटाशी जुळणारं आहे. आपला उन्हाळा आणि मेक्सिकोचं वाळवंट यांचं गोत्र एक. आपला पावसाळा वेगळ्या घराण्यातला. तेव्हा फोटो चिखलातला काढा, पण टायर धसकटासाठी घ्या.

आता हमरस्त्याची बाजू, जिच्याबद्दल खरेदीच्या वेळी कुणीच बोलत नाही, कारण ती फोटोत येत नाही. रुंद चरींचा टायर डांबराला कमी जागेवर टेकतो. ओल्या डांबरावर ब्रेक दाबला, की हा कमीपणा कळतो. ठोकळे मोठे असल्यानं प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटत जातो आणि गाडीत घूंऽऽ असा आवाज भरतो. नवीन असताना तो रुबाबदार वाटतो. ठोकळे एका बाजूनं झिजले की बेअरिंग गेलं असं वाटून मालक गॅरेज गाठतो, आणि गॅरेजवाला एक बेअरिंग बदलूनही देतो. टायर जड असल्यानं डिझेल जास्त जातं. मूळ मापापेक्षा मोठा टायर बसवला तर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवतो, म्हणजे दंड येतो तो खऱ्या वेगाचा आणि समाधान मिळतं खोट्या वेगाचं. रस्त्यावर लोळताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज, या तीन गोष्टींसाठी भारतात २०२२ पासून टायरांना सक्तीची मानकं लागू होऊ लागली. चिखलातल्या फोटोसाठी अजून मानक नाही.

यात समृद्धी महामार्गाची भर पडली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२० ची मुभा, आणि परभणीकरांना जालन्याकडून तो जवळ. सिमेंटचा रस्ता, वर मे महिन्याचं ऊन, आणि टायरमध्ये शेतातून येताना कमी केलेली आणि परत भरायची राहून गेलेली हवा. हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि ती साठत गेली की टायर फुटतो. याला नक्षी जबाबदार नसते, बगलेवर छापलेलं वेगमर्यादेचं अक्षरही नसतं. मड-टेरेनवर बऱ्याचदा असणारं क्यू हे अक्षरसुद्धा ताशी १६० ची परवानगी देतं. म्हणजे टायर १६० चा, रस्ता १२० चा, गाडी ९० ला थरथरायला लागणारी, आणि या तिन्ही आकड्यांना फोल ठरवणारी दहा पाउंडांची हवा नळावर थांबायचा कंटाळा केला म्हणून भरायची राहिलेली.

या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याकडून येतो आणि तो वजनदार आहे. वापशापर्यंत थांबा म्हणणं सोपं. ऑक्टोबरात सोयाबीन काढून गंजी लावलीय, परतीचा पाऊस आलाय, दोन दिवसांत शेंगांना कोंब फुटतील, तेव्हा कुणी थांबायचं? बरोबर आहे, त्या दिवशी थांबता येत नाही. पण त्या दिवशी रानातून पोती कोण काढतं ते बघा. पिकअप डांबरी रस्त्याच्या कडेला उभी असते आणि ट्रॅक्टर ये-जा करतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायराचे उंच तिरपे दांडे बगलेकडं उघडे ठेवलेले असतात, म्हणजे माती मागं फेकली न गेली तरी बाजूला सरकते. उलटा बसवला तर हेच दांडे माती आत ओढतात. शिवाय टायरचा व्यास पुरुषाच्या छातीला लागेल एवढा, आणि वजन वाढावं म्हणून काही जण त्यात पाणी भरतात. एवढं करूनही अतिओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर फिरत राहतो आणि पुढं जात नाही, हेही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मराठवाड्याला टायर कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बीकेटी ही शेती आणि खाणकामाचे टायर करणारी कंपनी आपल्या वाळूजमध्ये कारखाना चालवते, तिच्या मालाचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतल्या रानांत जातो, आणि इटलीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल स्पर्धेला २०१८ पासून तिचंच नाव आहे. रानासाठी वेगळा टायर लागतो हे वाळूजला कळतं, मिलानला कळतं. पांढऱ्या गाडीच्या मालकाला एकाच टायरात दोन्ही हवं असतं.

आणि ट्रकवाल्यांनी तर एकच टायर दोन्हीकडं चालवायचा हट्टच धरला नाही. त्यांच्या पुढच्या चाकांना रिब म्हणजे सरळ लांब पट्ट्यांचा टायर, कारण पुढची चाकं गाडी वळवतात आणि वळणावर सरळ चरी साथ देतात. मागच्या चाकांना लग म्हणजे आडव्या दांड्यांचा, कारण ओझं ओढायचं काम मागं असतं. कामाप्रमाणं टायर, ही अक्कल ढाब्यावर चहा पिणाऱ्या कुठल्याही चालकाकडं असते. ती मोटारीच्या शोरूममध्ये पोचत नाही, कारण तिथं चारही चाकं फोटोत सारखी दिसावी लागतात.

दुसरा आक्षेप याहून गंभीर. वस्तीवर कुणी आजारी पडलं, बाळंतीण अडली, पावसाचा दिवस आहे, १०८ ची गाडी पाणंदीच्या तोंडाशी थांबलीय. अशा वेळी चांगला टायर असणं चैन म्हणायची का? नाही म्हणायची. पण अशा वेळी कमी पडतो तो रस्ता. आणि रस्ता म्हणजे डोंगर फोडायचा नाही. काळ्या मातीवर खडी आणि मुरमाचा चांगला दाबलेला थर, दोन्ही बाजूंनी पाणी जायला नाल्या, एवढं झालं तर साधा हमरस्त्याचा टायरही तिथून बारा महिने जातो. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना २०२१ साली आली, तिच्या आधी पालकमंत्र्यांच्या नावाची होती. नावं बदलली तरी मुरूम तोच लागतो. जिथं तो पडत नाही, तिथं सार्वजनिक रस्त्याची उणीव प्रत्येकानं आपापल्या खर्चानं टायरात भरून काढायची अशी पद्धत पडते. ज्याच्याकडं पैसे आहेत त्याची गाडी निघते आणि बाळंतीण बाजेवरूनच येते. या सगळ्यात एक गंमत अशी, की तालुक्याच्या गावी सर्वांत जाड बटन टायर बहुतेक वेळा गुत्तेदाराच्या गाडीला असतात. आपण केलेला रस्ता किती दिवस टिकणार आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं बोलत नाही, पण सगळ्यांत खरा तोच. "मालक, बटन टाका, गाडी उठून दिसायली," असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. गाडी खरंच उठून दिसते. लग्नाच्या वऱ्हाडात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, मार्केट यार्डाच्या फाटकात जाड टायरची गाडी आली की माणसं बाजूला होतात आणि पातळ टायरची आली की हॉर्न वाजवावा लागतो. दिसण्यासाठी पैसे घालायला माझी काही हरकत नाही; फेटाही कुणी ऊन लागतं म्हणून बांधत नाही. हरकत एवढीच, की दिसण्यासाठी घेतलेल्या वस्तूला चिखलात उतरवू नये.

तेव्हा ज्याला खरंच डांबर आणि माळ दोन्ही तुडवायचे आहेत, त्यानं नक्षीकडं शेवटी बघावं आणि बगलेवरची अक्षरं आधी वाचावीत. टायरची सगळी कुंडली तिथं मांडलेली असते आणि ती वाचायला पंचांग लागत नाही. २१५/७५ आर १५ हे बोलेरोवाल्यांच्या ओळखीचं माप. पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. अक्षर वेगाचं, आकडा ओझ्याचा: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११२ म्हणजे ११२०. चार टायरांची बेरीज भरलेल्या गाडीच्या वजनापेक्षा चांगली जास्त असावी लागते. पिकअप कागदावर दीड टन नेते. हळदीची पोती घेऊन हिंगोलीला निघते तेव्हा किती नेते ते काट्यालाच ठाऊक. हा आकडा न बघता नुसते मोठे ठोकळे बघून घेतलेला टायर ओझ्याखाली बगलेतून फुगतो आणि मग नक्षी शाबूत असताना टायर जातो. आणखी एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. चार वर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जाऊ नये यासाठी एवढं वाचता आलं तरी पुरे. आणि चरीच्या तळाशी बोट फिरवलं तर मधेमधे रबराचे छोटे उंचवटे लागतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरले, आणि कायद्यानं टायर संपला. त्या उंचवट्यांनाच नक्षी समजून आणखी एक उन्हाळा काढणारे लोक आहेत, आणि त्यांचे अपघात चालकाच्या डुलकीच्या नावावर जमा होतात.

या वाचनानंतर नक्षीचा नंबर. डांबरावर जास्त आणि माळावर कमी धावणाऱ्यानं सौम्य ऑल-टेरेन घ्यावा, म्हणजे ज्याचे ठोकळे मधोमध एकमेकांना जवळ आणि खांद्याकडं थोडे मोकळे असतात, आणि ज्यावर बारीक काप भरपूर असतात. ते काप ओल्या डांबरावर पकड देतात. ज्याची गाडी जिंतूर-परभणी-जालना सोडून कुठं जात नाही त्यानं हमरस्त्याचाच टायर घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत हवा मोजायचं यंत्र घ्यावं. मड-टेरेन कुणी घ्यावा, हे मला परभणी जिल्ह्यापुरतं सांगता येत नाही. आणि रिकाम्या पिकअपची शेपूट मुरमाच्या चढावर डुलत असेल, तर टायर बदलण्याआधी मागच्या आसावर चार पोती टाकून बघावीत. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीला ओझंच पकड देतं, आणि पोती परत काढून ठेवता येतात.

उरला पाचवा टायर, ज्याचा विचार दुकानात सगळ्यात शेवटी होतो. घासाघीस चार टायरांवर होते, पैसे चारांचे मोजले जातात आणि स्टेपनी जुनीच राहते. माप जुनं, गोटा झालेली, हवा गेल्या दिवाळीची. माळावर एका बगलेत दगड घुसला की तीन बटनं आणि एक गोटा अशी गाडी घरी येते. साध्या गाडीत ते चालवून घेता येतं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत मात्र एक चाक लहान असलं की ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं आणि फोर-बाय-फोर लावून कोरड्या रस्त्यावर ती तशीच दामटली तर त्या फरकाचा ताण गिअरांच्या पेटीवर येतो. त्या पेटीच्या दुरुस्तीत नवा स्टेपनी टायर येतो, त्याच्यासाठी रिम येते, आणि वर टायरवाल्याचा चहासुद्धा येतो.